पुस्तकातलं एक खोटं नाव

मुलांच्या नावांच्या पुस्तकात एक नाव खोटं असतं. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असायचं कारणही नाही. असं पुस्तक माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा विकत घेतो. चार-सहा महिने उशाशी ठेवतो, पेन्सिलीनं खुणा करतो, घरच्यांशी हुज्जत घालतो आणि शेवटी शेजारच्या मुलाचं असतं तेच नाव ठेवून मोकळा होतो. पण ज्यांचा हा धंदा आहे त्यांना पक्कं माहीत असतं की दुसरा प्रकाशक टपून बसलाय. पाच हजार नावं जमवायला वर्षं लागतात आणि उतरवून काढायला पंधरवडा पुरतो. म्हणून पाच हजारांत एक नाव घरी बनवायचं, जगात कुणाचंच नसलेलं. त्याला अर्थ द्यायचा, मूळ द्यायचं, पुढं 'अत्यंत दुर्मीळ' असा शेरा मारायचा आणि गर्दीत सोडून द्यायचं. उद्या ते दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं की चोर मुद्देमालासकट सापडला.

या गोष्टीतलं खोटं नाव कोशबाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी पुस्तकात टाकलं. ते नाव काय होतं, हे मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या कुणीतरी ते ठेवील, आणि तीच चूक एकदा होऊन गेलेली आहे.

कोशबाई हे त्यांना खालच्या छापखान्यातल्या लोकांनी पाडलेलं नाव. जन्मभर दुसऱ्यांच्या नावांचा हिशेब लावणाऱ्या बाईला स्वतःच्या नावानं कचेरीत कुणी हाक मारत नाही, यावर त्या स्वतःच हसायच्या. कचेरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. दोन टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर छोट्या-छोट्या खणांचं लाकडी कपाट. एका नावाला एक कार्ड. कार्डावर तीन ओळी: अर्थ, मूळ, प्रचलन. वाचकांची पत्रं यायची, 'अमुक नावाचा अर्थ आमच्या सासूबाई वेगळा सांगतात, खरं कोण?' बाई प्रत्येकाला पोस्टकार्डावर उत्तर लिहायच्या, खाली सही, सहीखाली कचेरीचा शिक्का. कार्बन लावून एक प्रत फायलीत. "आपला धंदाच लोकांना नावं ठेवण्याचा," असं थोरले मालक म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

त्या साली बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना दिवस गेले होते. टेबलावर पाच हजार नावं आणि त्यातलं एक पसंत पडेल तर शपथ. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानादुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांत बाळं ठेवून तोलायचे काटे त्याच्याकडं यायचे. घरातल्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्याचं बाकडं होतं. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी तो बाकड्यावर एक काटा शून्यावर आणत बसला होता आणि मान वर न करता त्यानं एक नाव म्हटलं. तीन अक्षरांचं, कधी न ऐकलेलं.

"याचा अर्थ काय?" बाईंनी विचारलं. सवयच ती.

"अर्थबिर्थ काही नाही. आत्ताच सुचलं. तू हाक मारून बघ."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांनी हाक मारली. नाव दोन्ही खोल्यांतून नीट गेलं, कुठं अडखळलं नाही. "ओ," नवऱ्यानं बाकड्यावरून उत्तर दिलं आणि दोघंही हसत सुटली.

बाळ तीन दिवस जगलं. दवाखान्याच्या कागदावर आईचं नाव आणि त्यापुढं 'चे बाळ, मुलगा' एवढंच होतं. जन्माच्या नोंदीचा अर्ज नवऱ्यानं भरायला घेतला तेव्हा नावाची चौकट त्यानं शेवटी भरू म्हणून रिकामी सोडली होती, आणि शेवटी भरायची वेळ आली तेव्हा कारकुनानं दुसराच अर्ज त्याच्या हातात दिला. ती चौकट तशीच रिकामी राहिली. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. ठरवून नव्हे. तो तिला जपत होता, ती त्याला जपत होती, आणि दोघांच्या जपण्यात पोराचं नाव बुडालं. पुढं त्यांना मूल झालं नाही.

बाविसाव्या दिवशी बाई कचेरीत आल्या. थोरले मालक मनानं मऊ, पण अशा वेळी काय बोलावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, यंदाचं खोटं नाव तुम्ही बनवा. मला सांगू नका कुठलं ते. ज्यानं बनवलं त्यालाच माहीत असलेलं बरं."

बाईंनी कोरं कार्ड घेतलं आणि नाव लिहिलं. कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. कुठंच नाही म्हणजे काय? आला होता तो. तीन दिवस का होईना, होता. मूळ या शब्दापुढं त्यांनी 'अनिश्चित, बरंच जुनं असावं' असं ठोकून दिलं. प्रचलनापुढं 'अत्यंत दुर्मीळ'. अर्थाशी मात्र त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून होत्या. शेवटी लिहिलं: 'उशिरा का होईना, घरी येणारा.'

दोन वर्षांनी ते नाव एका दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकात अर्थासकट, काना-मात्रेचा फरक न करता दिसलं. बाईंना ते सांगणं भाग पडलं, आणि थोरले मालक भलतेच खूश झाले. त्या प्रकाशकाकडून त्यांनी माफीचं पत्र लिहून घेतलं आणि चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. बाईंना त्या दिवशी पेढी सोडून पळून जावंसं वाटलं. आपल्या पोराचा उपयोग चोर पकडायला झाला, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

पण चोर सापडला म्हणून जाळं काढलं नाही कुणी. आवृत्त्या निघत राहिल्या, नाव आपल्या जागी राहिलं. थोरले मालक गेले. त्यांची मुलगी पेढीवर बसायला लागली. तिला सगळे धाकट्या मालकीणबाई म्हणायचे. हुशार मुलगी. तिनं एक दिवस बाईंच्या टेबलावर कागदांचा जाडजूड गठ्ठा ठेवला.

"बाई, 'दुर्मीळ', 'बऱ्यापैकी', 'सर्रास' हे आता चालणार नाही. लोकांना आकडा लागतो. जन्मनोंदणी कचेरीकडून गेल्या तीस वर्षांचे आकडे आणलेत. प्रत्येक नावापुढं किती मुलांचं आहे ते लिहा."

बाई आकडे उतरवू लागल्या. कुठल्या नावाची अकरा हजार मुलं, कुठल्याची चाळीस. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी काही भारदस्त राजेशाही नावं तीनचारांवरच आटपलेली. अकराव्या दिवशी त्या नावाशी आल्या. तिथं शून्य असणार हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पट्टी ओळीखाली धरली, कारण शून्य बघायचं तरी नीट बघावं.

तिथं एक होता.

बाईंनी पट्टी सरकवून पुन्हा लावली. एक. जन्म बावीस वर्षांपूर्वीचा. आधी त्यांना राग आला, आणि तो राग इतका पोरकट होता की त्यांना त्याची लाज वाटली. आमचं होतं ते, कुणी घेतलं? मग राग उतरला. त्या नावाचा एक मुलगा या जगात चालतो-बोलतो आहे. त्याला कुणीतरी हाक मारतं. तो वळून बघतो.

आणि मग त्यांना ते पत्र आठवलं.

बावीस वर्षांपूर्वीची फाईल कपाटाच्या वर, धुळीत होती. स्टुलावर चढून त्यांनी ती काढली. पत्र एका इस्त्रीवालीचं होतं, वहीच्या पानावर लिहिलेलं. 'एका मुलीनंतर दोन वेळा माझं मूल पोटातच गेलं. आता आठवा महिना आहे. तुमच्या पुस्तकात एक नाव वाचलं, त्याचा अर्थ वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण हे नाव मी कुणाचं ऐकलं नाही. खरं आहे ना? ठेवलं तर चालेल ना?' त्याखाली बाईंच्या उत्तराची कार्बन प्रत, निळी आणि फिकट. 'आपण विचारलेले नाव अस्सल असून अर्थ पुस्तकात दिल्याप्रमाणेच आहे. निर्धास्तपणे ठेवावे.' सही. शिक्का.

पेढीचा नियम साधा होता. खोट्या नावाबद्दल कुणी विचारलं तर लिहायचं, 'छपाईची चूक झाली आहे, कृपया दुसरे नाव निवडावे.' एक ओळ. ती लिहायला बाई बसल्याही असतील. पण आपल्या हातानं त्या नावाला चूक म्हणणं त्यांना जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. कशाला जातोय हे त्यांनी स्वतःला असं सांगितलं की लांबून एकदा बघायचं. बोलायचं नाही, ओळख द्यायची नाही. बावीस वर्षांचा मुलगा रस्त्यानं कसा चालतो ते बघायचं आणि परत यायचं. आपला सव्वीसचा असता. बसमध्ये त्या हा चार वर्षांचा फरक उगाचच पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

पत्रातल्या पत्त्यावरची इमारत रिकामी होत आलेली होती. वरच्या मजल्यांच्या खिडक्या-दारं काढून नेलेली, जिन्यात विटांचे तुकडे, भिंतीवर लाल रंगात पाडकामाचा क्रमांक. तळमजल्यावरची एकच खोली चालू होती. दारावर 'इस्त्री' अशी पाटी, आणि पायरीवर तिशीची एक तरुणी, चष्म्याच्या दुकानाचा गणवेश घातलेली, फोनवर कुणाला तरी समजावत होती की अजून थोडे दिवस द्या. फोन ठेवून तिनं वर पाहिलं.

"कपडे आणलेत?"

"नाही. मी नावांच्या पुस्तकाच्या कचेरीतून आले," बाई म्हणाल्या. खोटं काही सुचलंच नाही. "तुमच्याकडच्या मुलाचं नाव..."

तरुणीचा चेहरा बदलला. "म्हणजे ते कार्ड तुम्ही पाठवलेलं. सही तुमची."

बाईंनी मान हलवली.

"बसा जरा इथं," ती म्हणाली आणि पायरीवर सरकून तिनं जागा केली. आतून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज येत होता. ती हलक्या आवाजात बोलू लागली. "माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी इथून गेला. दुसऱ्या शहरात गोदामात नोकरी लागली म्हणून. दोन महिने रोज फोन. मग एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गोदामवाले म्हणतात, नोकरी सोडून गेला. कुठं, ते त्यांना माहीत नाही. मी तीनदा जाऊन आले. पोलिसांत नोंद आहे, त्यांनीही हात टेकले. भांडण नाही, तंटा नाही. गेला तो गेलाच."

बाईंनी भिंतीवरच्या लाल क्रमांकाकडं पाहिलं.

"इमारत पाडतायत. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली आहे, आईसाठी खोली आहे तिथं. पण ती हलत नाही. म्हणते, तो इथंच येणार, त्याला हाच पत्ता माहीत आहे. दम्याचा त्रास आहे तिला, या धुळीत रात्र रात्र खोकते. काही म्हटलं की तुमचं कार्ड काढून दाखवते. शिक्का आहे बघ, म्हणते, शिक्क्याचं खोटं असतं का?" तिनं बाईंचा हात धरला. "तुम्ही सांगा तिला. की अर्थ म्हणजे काही हमी नसते. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

इस्त्रीवाली साठीची, हातांनी जाडजूड, बाकी वाळून गेलेली बाई होती. कोशबाई कोण आहेत हे कळल्यावर तिनं पदराला हात पुसून त्यांना खुर्ची दिली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. काम थांबवून बोलायची तिला सवय नव्हती. भिंतीवर एक फोटो होता. उंच, कान जरा पुढं आलेला मुलगा, हसू दाबून उभा.

"तुमचे उपकार आहेत," इस्त्रीवाली म्हणाली. "दोन गेल्यावर हा आला, तुमच्या पुस्तकातल्यासारखा. उशिराच. दिवस भरून वर दहा दिवस झाले होते. लोक नावाला हसायचे, असलं कसलं नाव म्हणून. मी म्हणायची, अर्थ बघा आधी." तिनं शर्टाची कॉलर उलटून दाबली. "शाळेतून उशिरा, खेळून उशिरा. पण यायचा. कधी आला नाही असं झालं नाही."

लेक दारात उभी होती.

"मी एक विचारणारच होते तुम्हाला," इस्त्रीवाली म्हणाली. "पत्रच लिहिणार होते. पुस्तकात नुसतं उशिरा का होईना, असं लिहिलंय. तुमच्याकडं मोठी पुस्तकं असतील, जुनी. त्यात किती उशीर, ते काही दिलेलं असतं का?"

बाईंनी खाली पाहिलं, आपल्या शाईच्या डागाच्या बोटांकडं. मग त्या बोलल्या. आधी अडखळत, नंतर न थांबता. पुस्तकात एक नाव खोटं असतं, कशासाठी असतं. हे नाव आपल्या नवऱ्यानं बाकड्यावर बसून बनवलं. ते आपल्या मुलाचं होतं. तो तीन दिवसांत गेला. अर्थ आपणच बसून लिहिला, कुठल्या मोठ्या पुस्तकातून नाही, जुन्यातून नाही. "तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुम्हाला कळवायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती. माझ्यानं लिहवली नाही."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक वाजत राहिलं.

"मेलेल्या लेकराचं नाव दिलंत तुम्ही मला," ती म्हणाली.

"हो."

"वर शिक्का मारून."

"हो."

लेक पुढं यायला लागली, आईनं हातानंच तिला थांबवलं. ती अर्ध्या इस्त्री केलेल्या शर्टाकडं बघत होती. बाईंना वाटलं, आता ही ओरडेल, हाकलून देईल, आणि तसं केलं तर बरं होईल. केलं नाही तिनं तसं. तिनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "दूध प्यायला होता का?"

"एकदा. दुसऱ्या दिवशी."

"मग पोटभर प्यायला असेल," इस्त्रीवाली म्हणाली. "एकदाच पितात ती पोटभर पितात."

सव्वीस वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. त्या परक्या खोलीत, परक्या लोकांच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी त्यांना रडू फुटलं. इस्त्रीवाली रडली नाही. ती टेबलाला टेकून उभी राहिली, आणि पाय दुखत असल्यासारखी हळूहळू खाली बसली.

"म्हणजे तो येणारच, असं काही नाही," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "कुणी ठरवलेलं नाही."

"नाही."

"मला वाटायचं, ठरलेलं आहे. आपण फक्त थांबायचं."

लेकीनं पाणी आणून दिलं. ते तिनं घेतलं, प्यायली नाही, पेला धरून बसली. मग म्हणाली, "त्याला एक खोड होती. पुस्तकाचं दुकान दिसलं, दवाखान्यात टेबलावर पुस्तक पडलेलं दिसलं, की तुमचं पुस्तक आहे का बघायचा. उघडून आपलं नाव काढायचा. घरी येऊन सांगायचा, आई, अजून आहे मी. तिकडं गेल्यावर फोनवरही सांगितलं एकदा. इथल्या दुकानात पण आहे म्हणाला."

"सगळेच बघतात," बाई म्हणाल्या. "पुस्तक हातात आलं की आधी स्वतःचं नाव."

"मग एक करा. तो अर्थ काढून टाका. तुमचा तो होता, तुम्हाला लिहावासा वाटला, मी काही म्हणत नाही. पण काढा आता. आणि त्या जागी हिचा पत्ता छापा, नव्या घराचा. मजला, खोली, सगळं." तिनं लेकीकडं मान केली. "मी जाते हिच्याकडं. इथं काही नाही. पण तो इथं आला आणि नुसता मातीचा ढीग दिसला तर कुठं जाईल? पुस्तक तर बघेल."

लेकीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आई हलावी म्हणून तीन वर्षं धडपडलेली मुलगी, आणि आता आई हलते म्हणाली तर तिचे खांदे थांबेनात.

नावांच्या पुस्तकात पत्ता छापतात का? अजिबात नाही. पण खोट्या नावाची ओळ ही संपादकाची असते, तिच्याबद्दल पेढीत कुणी विचारत नाही, आणि धाकट्या मालकीणबाईंनी विचारलंच तर सांगता आलं असतं की खोटं नाव आहे, पत्ताही खोटाच. बाईंनी पिशवीतून बरोबर आणलेलं त्या नावाचं कार्ड काढलं आणि अर्थाची ओळ खोडली. लेकीनं पत्ता सांगितला, त्यांनी तो सुवाच्य अक्षरात उतरून घेतला आणि वाचून दाखवला. पण कार्ड पिशवीत परत ठेवताना त्यांचा हात अडला. ते नाव पुस्तकात आहे हे त्यांनी एकटीनंच सव्वीस वर्षं जपलं होतं. बनवलं मात्र दुसऱ्यानं होतं. त्याला विचारल्याशिवाय ते देऊन टाकणं बरोबर नव्हतं.

नवरा जेवायला बसला होता. आता तो फार काम घेत नसे. हल्लीचे काटे आकडे दाखवायचे, त्यांना सुई नव्हती आणि शून्यावर आणायला माणूस लागत नव्हता. बाईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही. त्या त्याच्यासमोर बसल्या.

"अहो, एक सांगायचंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते नाव उच्चारलं.

त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो ताटात ठेवला. बाई सगळं सांगत गेल्या: कार्ड, अर्थ, चोर प्रकाशक, इस्त्रीवालीचं पत्र, आकडा, पाडायला काढलेली इमारत, फोटो, पत्ता. तो रागावेल असं त्यांना वाटत होतं. पोराला पुस्तकात ठेवलं आणि मला सांगितलं नाहीस, इतकी वर्षं तू एकटीच त्याला भेटत राहिलीस, असं तो म्हणेल.

"दिसायला कसा आहे?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"तो. त्यांचा."

"उंच आहे. कान जरा पुढं आलेले. हसू दाबून उभा आहे फोटोत."

त्यानं मान हलवली, कान कसे असतील ते डोळ्यांपुढं आणत असल्यासारखी. "आणि हाक मारली की?"

"त्याची बहीण सांगत होती निघताना. गल्लीच्या टोकाला खेळत असला तरी आईची हाक पहिल्यांदाच ऐकू जायची त्याला. 'आलोच' म्हणून ओरडायचा तिथनं."

"पहिल्यांदाच?"

"हो, म्हणाली."

"मग चांगलं होतं नाव," तो म्हणाला.

त्याचे डोळे भरून आले होते, पण तो ते पुसत नव्हता, कारण हात खरकटा होता. बाईंनी आपल्या पदरानं ते पुसले. त्याच्या खरकट्या हाताशेजारी त्यांनी कार्ड ठेवलं. वर नाव होतं, खाली अर्थाची ओळ खोडलेली, आणि त्याखाली एका अनोळखी बाईच्या घराचा मजला आणि खोली.

"छापू ना?" त्यांनी विचारलं. "आपल्या त्याची जागा आहे ती. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?"

त्यानं कार्ड वाचलं. पत्ता दोनदा वाचला, चूक राहू नये म्हणून.

"छाप त्यांचाच," तो म्हणाला. "आपला छापून कोण येणार आहे."